सप्टेंबरचे आकडे कसे वाचावेत: कॉलेज फुटबॉल संघाच्या सुरुवातीच्या कामगिरीचे मूल्यमापन

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत बहुतेक संघांचे चार-पाच सामने झालेले असतात. याच काळात आपल्या आवडत्या संघाच्या नावापुढे 'एकूण आक्रमणात देशात सहावा', 'कमीत कमी गुण देण्यात तिसरा', 'एपी (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) क्रमवारीत अकरावा' अशी बिरुदे दिसू लागतात आणि त्यांच्या भरवशावर पुढच्या दोन महिन्यांचे अंदाज बांधले जातात. हे आकडे खोटे नसतात, परंतु त्यांपैकी बराच भाग संघाविषयी नसून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांविषयी आणि क्रमवारी ठरवणाऱ्या मतदारांच्या आधीपासूनच्या अपेक्षांविषयी सांगत असतो. तो भाग बाजूला काढल्यावर संघाचे स्वतःचे असे काय उरते, हे शोधण्याची रीत पुढे दिली आहे.

2025 च्या हंगामातील पेन स्टेटचा संघ या दृष्टीने फार बोलका आहे. एपीच्या हंगामपूर्व क्रमवारीत तो दुसऱ्या स्थानावर होता. पहिल्या तीन सामन्यांत त्याने नेवाडाला 46–11, फ्लोरिडा इंटरनॅशनलला 34–0 आणि व्हिलानोव्हाला 52–6 असे हरवले. म्हणजे दर सामन्याला सरासरी 44 गुण केले आणि सहापेक्षाही कमी दिले. त्यानंतरच्या तीन सामन्यांत तो ओरेगनकडून दोन ओव्हरटाइमनंतर 30–24, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून 42–37 आणि नॉर्थवेस्टर्नकडून 22–21 असा हरला. सरासरी 27 गुण केले, 31 दिले, आणि 12 ऑक्टोबर रोजी प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना पदावरून दूर करण्यात आले. खेळाडू तेच होते, प्रशिक्षकही तेच होते, बदलले होते ते समोरचे संघ. पहिल्या तीन आठवड्यांतील 44 आणि 6 या सरासऱ्या ज्याने संघाचे मोजमाप म्हणून स्वीकारल्या, त्याला ऑक्टोबर अनाकलनीय वाटला असणार. ज्याने वेळापत्रक आधी पाहिले, त्याच्या मनात निदान शंका तरी होती.

आकड्यांआधी वेळापत्रक

म्हणून पहिले काम आकडेवारीचे पान उघडण्याचे नसून झालेल्या सामन्यांची यादी समोर ठेवण्याचे आहे. अव्वल विभागात, म्हणजे एफबीएसमध्ये, 2025 मध्ये 136 संघ होते. त्याखालचा विभाग एफसीएसचा. बराच काळ एफबीएस संघाला 85 आणि एफसीएस संघाला 63 इतक्या पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, यावरून दोहोंच्या ताकदीतील अंतर लक्षात यावे. तरीही बहुतेक मोठे संघ दरवर्षी एक एफसीएस प्रतिस्पर्धी घेतात, कारण बोल सामन्याच्या (हंगामानंतरच्या निमंत्रित सामन्याच्या) पात्रतेसाठी लागणाऱ्या सहा विजयांत असा एक विजय धरला जातो. वर दिलेल्या यादीतील व्हिलानोव्हा हा एफसीएसचाच संघ. चार सामन्यांपैकी एक असा असेल, तर संघाच्या एकूण आकडेवारीचा चौथा हिस्सा त्यातून आलेला असतो. म्हणून तो सामना सरळ वगळून सर्व सरासऱ्या पुन्हा काढाव्यात. हे गणित पाच मिनिटांचे आहे, आणि चित्र पालटणारे असते.

एफबीएसमधील दुबळे संघही पैसे घेऊन मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर खेळायला जातात. 2022 मध्ये टेक्सस ए अँड एमने ॲपलाचियन स्टेटला अशा सामन्यासाठी 15 लाख डॉलर दिले आणि 17–14 असा पराभव पदरात घेतला. हंगामपूर्व क्रमवारीत सहावा असलेला तो संघ शेवटी 5–7 वर (पाच विजय, सात पराभव) थांबला. असे उलटे निकाल लक्षात राहतात ते विरळ असतात म्हणूनच; एरवी अशा सामन्यांतून यजमानांच्या नावावर घाऊक यार्ड (चेंडू पुढे नेलेले अंतर) आणि टचडाउन (चेंडू समोरच्या अंतिम पट्ट्यात नेणे) जमा होतात.

उरलेल्या सामन्यांसाठी प्रतिस्पर्ध्याचा हिशेब करावा लागतो. त्याची साधी पद्धत अशी: ज्या संघाविरुद्ध आपण खेळलो, त्याने इतरांना दर प्लेमागे (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या एका डावामागे) किती यार्ड दिले ते पाहावे, मात्र आपला सामना त्यातून वगळावा, आणि मग आपण मिळवलेल्या यार्डांशी त्याची तुलना करावी. समजा, एका प्रतिस्पर्ध्याने इतरांना दर प्लेला 6.4 यार्ड दिले आणि आपण त्याच्याविरुद्ध 6.6 काढले, दुसऱ्याने इतरांना 4.8 दिले आणि आपण 5.5 काढले. कागदावर पहिला सामना भारी दिसतो, प्रत्यक्षात दुसऱ्या सामन्यातील आक्रमण कितीतरी सरस आहे, कारण तेथे आपण इतरांपेक्षा 0.7 यार्ड अधिक मिळवले आणि पहिल्यात केवळ 0.2. बचावासाठी हीच रीत उलटी वापरावी. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे इतर सामने फार झालेले नसल्यामुळे हा हिशेब कच्चा राहतो, हे मान्य करायला हवे. गेल्या वर्षीच्या आकड्यांचा आधार घेता येतो, पण ट्रान्सफर पोर्टलमुळे तो आधार पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. 2021 पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलण्याची मुभा मिळाली, आणि आता काही संघांचा निम्मा चेहरामोहरा एका उन्हाळ्यात बदलतो.

आणखी एक गाळणी लावणे आवश्यक आहे. सामना एकतर्फी झाला की दुसऱ्या हाफमध्ये राखीव खेळाडू उतरतात, आणि तेव्हाचे यार्ड दोन्ही बाजूंना फसवे असतात. प्रत्येक सामन्याच्या अधिकृत गुणपत्रकात ड्राइव्हनिहाय (ड्राइव्ह म्हणजे चेंडू ताब्यात असतानाची सलग प्लेंची मालिका) तक्ता दिलेला असतो. गुणांचा फरक चार टचडाउनच्या, म्हणजे 28 गुणांच्या, पलीकडे गेल्यानंतरचे ड्राइव्ह त्यातून वजा करावेत. मर्यादा 28 ठेवावी की 24, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा प्रश्न आहे. सर्व सामन्यांना एकच मर्यादा लावली म्हणजे पुरे.

दर सामन्याला नव्हे, दर प्लेला

एनसीएए या कॉलेज क्रीडांच्या नियामक संस्थेच्या एकूण आक्रमण आणि एकूण बचाव या राष्ट्रीय याद्या दर सामन्यातील यार्डांवर लावल्या जातात. या पद्धतीतील दोष असा की, भराभर प्ले धावणारा संघ आपोआप वर चढतो आणि घड्याळ खाणारा संघ आक्रमणाच्या यादीत खाली व बचावाच्या यादीत वर जातो. आर्मीचे उदाहरण घ्या. 2024 मध्ये या संघाने 12 सामने जिंकले, दोन गमावले आणि आपल्या कॉन्फरन्सचे (आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाचे) विजेतेपद मिळवले, तरी पासिंग यार्डांच्या यादीत तो तळाशी होता, कारण त्याची सारी पद्धत धावण्यावर उभी आहे. त्याच्या लांबलचक ड्राइव्हमुळे समोरच्या आक्रमणाला चेंडू कमी वेळा मिळतो, साहजिकच त्याच्या बचावाचे दर सामन्याचे आकडे गोजिरे दिसतात. ही बचावाची करामत आहे की घड्याळाची, ते दर प्लेचे यार्ड काढल्याशिवाय कळत नाही.

एकूण यार्डांना एकूण प्लेंनी भागावे. आक्रमणासाठी साडेपाच ते सहा यार्ड म्हणजे साधारण मध्यम कामगिरी, साडेसहाच्या वर म्हणजे उत्तम, पाचच्या खाली म्हणजे चिंताजनक. जुन्या वर्षांच्या संघांशी तुलना करतानाही दर प्लेचाच आकडा वापरावा. 2023 पासून पहिला डाउन (दहा यार्ड सरकल्यावर मिळणाऱ्या चार नव्या प्रयत्नांपैकी, म्हणजे डाउनपैकी, पहिला) मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, केवळ प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबते, त्यामुळे एका सामन्यातील प्लेंची संख्या घटली आहे आणि 2015 सालचे 500 यार्ड आजच्या 500 यार्डांइतके दुर्मीळ नव्हते.

धावण्याच्या आकड्यांत एक खाच आहे, जी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, पाहणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, की गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात आणि तो प्ले धाव म्हणून मोजला जातो; एनएफएलमध्ये ते पासिंगच्या खात्यातून जातात. समजा, एखाद्या संघाच्या नावावर 35 धावांत 120 यार्ड आहेत, म्हणजे दर धावेला जेमतेम 3.4. परंतु त्यांपैकी पाच सॅक असतील आणि त्यांत 38 यार्ड गेले असतील, तर खऱ्या धावा 30 आणि यार्ड 158 होतात, म्हणजे दर धावेला सुमारे 5.3. धावणारी फळी दमदार आहे आणि दुखणे पास-संरक्षणात आहे, हे निदान मूळ आकड्याच्या अगदी विरुद्ध आहे. म्हणून धावण्याच्या कोणत्याही राष्ट्रीय क्रमांकावर मत देण्यापूर्वी सॅक बाहेर काढावेत, आपल्या संघाचे आणि प्रतिस्पर्ध्याचेही. उलट बाजूने, भरपूर सॅक करणाऱ्या संघाचा 'धाव-बचाव' यादीत नको तितका वर दिसतो.

पासिंगसाठी एनसीएएचे कार्यक्षमता-गुणांकन बरे आहे. पासिंग यार्डांना 8.4 ने, टचडाउनना 330 ने आणि पूर्ण पासांना 100 ने गुणून बेरीज करायची, त्यातून इंटरसेप्शनमागे (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासामागे) 200 वजा करायचे आणि उत्तराला एकूण प्रयत्नांनी भागायचे. 30 पैकी 20 पास, 270 यार्ड, दोन टचडाउन आणि एक इंटरसेप्शन यांचे गुणांकन 157.6 येते. या सूत्रात टचडाउनला भलताच भाव आहे, त्यामुळे एका सामन्यातील पाच टचडाउन पुढचे तीन आठवडे सरासरी फुगवून ठेवतात. एफसीएस सामना वगळण्याचे महत्त्व येथे सर्वाधिक. पास-बचावाच्या एकूण यार्डांकडे मात्र दुर्लक्ष केले तरी चालेल. सतत आघाडीवर असणाऱ्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्धी पासच फेकत राहतो आणि चांगल्या बचावाच्या नावावर यार्ड चढत जातात.

ज्यांना थोडा अधिक वेळ देता येईल त्यांनी यशाचे प्रमाण काढावे. पहिल्या डाउनवर गरजेच्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यावर 70 टक्के आणि तिसऱ्या व चौथ्या डाउनवर पूर्ण यार्ड मिळाले तर तो प्ले यशस्वी. गुणपत्रकातील प्लेनिहाय नोंद घेऊन बसले की हे हाताने मोजता येते. माझ्या मते सप्टेंबरमध्ये विश्वास ठेवण्याजोगा हाच सर्वांत चांगला आकडा आहे, कारण 75 यार्डांची एखादी धाव दर प्लेची सरासरी वर ओढते, पण यशाच्या प्रमाणात ती एकच यशस्वी प्ले म्हणून मोजली जाते. तीन सामन्यांत संघाचे जेमतेम 200 प्ले होतात, आणि इतक्या लहान संख्येत दोन-तीन लांब प्ले सरासरीची दिशाभूल करायला पुरेसे असतात.

टिकणारे आणि न टिकणारे

चेंडू हिरावण्यातील आघाडी, म्हणजे टर्नओव्हर मार्जिन, हा समालोचकांचा लाडका आकडा. आणि सप्टेंबरमध्ये तोच सर्वांत कमी भरवशाचा. जमिनीवर पडलेला फंबल (हातून सुटलेला चेंडू) कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ निम्मे-निम्मे असते, कारण अंडाकृती चेंडू कसा उसळेल यावर कोणत्याही प्रशिक्षकाचे नियंत्रण नाही. एखाद्या संघाने चार सामन्यांत नऊपैकी आठ फंबल उचलले असतील, तर त्याला पुढे तसेच फळ मिळत राहील असे धरू नये. फंबल घडवून आणणे हे कौशल्य आहे. उचलणे बहुतांशी नशीब. इंटरसेप्शनचेही काहीसे असेच आहे: बचावाने हात लावलेल्या पासांपैकी साधारण पाचांत एक हातात येतो, बाकीचे खाली पडतात. हे प्रमाण एखाद्या संघाच्या बाबतीत फारच अनुकूल असेल तर ते उतरणीला लागेल असे समजून चालावे.

बचावाने किंवा स्पेशल टीमने (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीने) केलेले टचडाउन, रेड झोनमधील (शेवटच्या 20 यार्डांतील) यशाची टक्केवारी आणि तिसऱ्या डाउनची टक्केवारी हेही आकडे लवकर खालीवर होतात. तिसऱ्या डाउनची राष्ट्रीय सरासरी 40 टक्क्यांच्या आसपास असते. पहिल्या दोन डाउनवर चाचपडणारा संघ 55 टक्के तिसरे डाउन मिळवत असेल, तर ऑक्टोबरमध्ये त्याचे आक्रमण आटण्याचा संभव मोठा. चेंडू किती मिनिटे ताब्यात होता हा आकडा तर वाचलाच नाही तरी काही बिघडत नाही.

राष्ट्रीय क्रमवारी म्हणजे कोणाचे मत

एपीची क्रमवारी 1936 पासून चालत आली आहे आणि हंगामपूर्व यादी 1950 पासून. साठ-पासष्ट क्रीडापत्रकार व समालोचक दर आठवड्याला 25 संघांची यादी देतात. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 24, आणि असे करत पंचविसाव्याला एक. म्हणून नुसते स्थान न पाहता गुणांतील अंतर पाहावे. आठव्या आणि नवव्या संघांत सहा गुणांचा फरक असेल, तर ते एकाच जागी उभे आहेत. नवव्या आणि दहाव्यात दीडशेचा फरक असेल, तर मधे खिंड आहे. एपीच्या मतदारांच्या वैयक्तिक याद्या जाहीर होतात, त्यामुळे आपला संघ कोणी सातवा ठेवला आणि कोणी एकोणिसावा, हेही तपासता येते. मते अशी विखुरलेली असतील तर एका सामन्याने स्थान झपाट्याने हलते. प्रशिक्षकांच्या क्रमवारीत ही सोय हंगामाच्या अखेरच्या मतदानापुरतीच आहे. शिवाय शनिवारी स्वतःचा सामना लढवणारा प्रशिक्षक इतर पन्नास सामने कधी पाहतो, हा प्रश्न उरतोच.

सप्टेंबरमधील स्थान हे बरेचसे ऑगस्टमधील स्थानाचेच वंशज असते. जिंकत राहिलेला संघ खाली ढकलला जात नाही, विजय कितीही किरकोळ असला तरी. आणि वरून सुरुवात केलेल्या संघाला तळातून आलेल्यापेक्षा एक पराभव अधिक परवडतो. ऑगस्टचे अंदाज मात्र अनेकदा साफ चुकतात. यूएससीने 2012 ची सुरुवात पहिल्या क्रमांकावर केली आणि 7–6 वर शेवट केला. फ्लोरिडा स्टेट 2024 मध्ये दहाव्या स्थानावरून निघाला, डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून 24–21 असा हरला आणि 2–10 वर संपला. याउलट 2022 चा टीसीयू संघ हंगामपूर्व यादीत नव्हताच, तरी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला.

एका पराभवानंतरची घसरगुंडीही सावधपणे वाचावी. 2014 मध्ये ओहायो स्टेट दुसऱ्याच आठवड्यात घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून 35–21 असा हरला, बाविसाव्या स्थानावर फेकला गेला आणि त्याच हंगामात विजेता ठरला. 2024 मध्ये पाचव्या क्रमांकावरील नोत्र दामला नॉर्दर्न इलिनॉयने 16–14 असे त्याच्या घरी हरवले. नोत्र दाम अठराव्या स्थानी गेला, पण जानेवारीत अंतिम सामन्यात होता. त्या विजयामुळे पंचविसाव्या स्थानी पोहोचलेला नॉर्दर्न इलिनॉय त्यानंतरच्या सामन्यातच बफेलोकडून हरला. दोन्ही संघांविषयी एकाच निकालावरून काढलेले निष्कर्ष दोन्ही दिशांनी चुकले.

क्रमवारीची पडताळणी करण्यासाठी दोन साधने उपयोगी आहेत. एक म्हणजे बिल कॉनेली यांचे एसपी प्लस किंवा ईएसपीएनचे एफपीआय यांसारखी संगणकीय गुणांकने. ती पुढच्या सामन्याचा अंदाज घेण्यासाठी बनवलेली असतात, झालेल्या विजयांना बक्षीस देण्यासाठी नव्हे, आणि म्हणून पराभूत संघही त्यांत विजेत्याच्या वर राहू शकतो. याविषयी दरवर्षी आरडाओरडा होतो, तो बहुधा दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्याने. सप्टेंबरमध्ये या गुणांकनांतही मागील वर्षांची कामगिरी आणि खेळाडूंची भरती यांचा मोठा वाटा मिसळलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. दुसरे साधन म्हणजे सट्टेबाजांनी दिलेला गुणांचा फरक: बाराव्या क्रमांकाचा संघ क्रमवारीबाहेरच्या संघाकडे खेळायला जात असेल आणि घरच्या मैदानाचा अडीच-तीन गुणांचा फायदा वगळूनही यजमानालाच पसंती असेल, तर त्या बाराव्या क्रमांकाकडे नव्याने पाहावे.

प्रत्यक्ष काम करताना एका कागदावर आपल्या संघाच्या प्रत्येक सामन्यासाठी एक ओळ करावी: प्रतिस्पर्धी व मैदान, सामना एकतर्फी होईपर्यंतचे दोन्ही बाजूंचे दर प्लेचे यार्ड, प्रतिस्पर्ध्याच्या सरासरीशी फरक, सॅक वगळून धावण्याची सरासरी, आणि पडलेल्या व उचललेल्या फंबलची संख्या. एपीचे स्थान शेवटच्या रकान्यात, आणि तेही इतर रकाने भरून झाल्यावरच लिहावे, म्हणजे स्थान आधी पाहून आकड्यांत त्याची कारणे शोधण्याचा मोह होत नाही. कॉन्फरन्सचे दोन-तीन सामने झाले की आधीच्या ओळींतील 'प्रतिस्पर्ध्याशी फरक' पुन्हा काढावा लागतो, कारण सप्टेंबरमध्ये बलाढ्य वाटलेला प्रतिस्पर्धी तोवर चार सामने हरलेला असू शकतो.

अजिंक्यपदाच्या दृष्टीने या साऱ्या याद्यांना अधिकृत किंमत नाही. 2024 पासून प्लेऑफमध्ये (अजिंक्यपदाच्या बाद फेरीत) 12 संघ घेतले जातात; 2024 आणि 2025 मध्ये ते निवड समितीच्या क्रमवारीतील सर्वोच्च पाच कॉन्फरन्स-विजेते आणि उरलेल्यांतील वरचे सात असे होते. त्या समितीची पहिली यादी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. 2024 मध्ये ती 5 तारखेला आली. ती हाती आली की आपल्या कागदाशेजारी ठेवावी आणि एपीच्या यादीपेक्षा समितीने ज्या संघांना तीन-चार जागा वर किंवा खाली ठेवले असेल, त्यांच्या वेळापत्रकापासून तपासणी पुन्हा सुरू करावी.